इंजिन स्वस्त, विमान महाग

छोट्या विमानांचा विषय निघाला की एक हिशोब हमखास ऐकायला मिळतो. सेसना १७२ घ्या. चार सीट, एक इंजिन, जगातलं सगळ्यात जास्त खपलेलं विमान. त्यात बसतं लायकमिंग कंपनीचं ३६० जातीचं इंजिन. चार सिलिंडर, सहा लिटरला जरा कमी आणि ताकद किती, तर १८० हॉर्सपॉवर. मूळ डिझाइन १९५०च्या दशकातलं. आज नवं घ्यायला गेलात तर पन्नास हजार डॉलर तरी बाजूला काढून ठेवा. आणि इकडे दोन लिटरचं कुठलंही टर्बो गाडीचं इंजिन तेवढी ताकद हसत हसत देतं, दीड-दोन लाख मैल कुरकुर न करता चालतं, आणि ठोकलेल्या गाडीतून काढलेलं भंगारवाल्याकडे दीड हजार डॉलरला मिळतं. मग विमानवाले येडे आहेत का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक आपल्यासारखेच असतात. म्हणजे संगणकवाले. जुनी सिस्टिम दिसली की ती नव्याने लिहून काढायची खाज सुटणारी जमात :-) माझ्या ओळखीत सध्या असा एक जण आहे. मूळचा नागपूरचा, इथे अमेरिकेत माझ्या घरापासून अर्ध्या तासावर राहतो, आणि गेली तीन वर्षं भाड्याच्या हँगरमध्ये दोन सीटचं किट विमान जोडतोय. पंख झाले, धड झालं, आता नाकात काय बसवायचं यावर घोडं अडलंय. त्याला सुबारू बसवायचंय. मी नको म्हणतोय. आमचे गेले चार शनिवार यात गेलेत. वहिनी चहा आणून देतात आणि काही न बोलता आत जातात. पण त्या विमानातली दुसरी सीट त्यांची आहे, त्यामुळे हा वाद नुसता गप्पांचा नाही.

तर माझी बाजू नीट मांडतो.

आधी हे मान्य करू की कल्पना नवी नाही आणि वेडगळही नाही. विमानापेक्षाही ती जुनी आहे! राइट बंधूंनी १९०३ च्या आधी मोटार कंपन्यांना पत्रं लिहून हलकं इंजिन मागितलं होतं. कोणाकडे मिळालं नाही म्हणून त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरने ते घडवलं. अवघं १२ हॉर्सपॉवर. पुढे १९२९ साली मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोलने फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन आपल्या लाकूड-कापडाच्या एअर कँपर विमानात बसवलं आणि ते मस्त उडालं. आजही लोक त्याच नकाशांवरून एअर कँपर बांधतात. युद्धानंतर युरोपात फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर कितीतरी छोटी विमानं उडाली, आणि अमेरिकेत सोनेक्सवाले बीटलच्याच जातीचं ८० हॉर्सपॉवरचं इंजिन किटच्या रूपात विकू लागले. शेवरोले कॉरव्हेअर नावाची गाडी १९६९ मध्ये बंद पडली, पण तिचं हवेवर थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन विमानांत अजून फिरतंय.

आता यात एक गंमत आहे. पीटनपोलचं का जमलं? कारण मॉडेल एचं इंजिन ४० हॉर्सपॉवर द्यायचं ते फक्त २२०० फेऱ्यांवर. म्हणजे मिनिटाला २२०० वेळा फिरायचं. पंख्यालाही तेवढंच हवं असतं. इंजिनाच्या दांड्याला सरळ पंखा जोडा, झालं काम. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत गाड्यांची इंजिनं लहान आणि वेगवान होत गेली. आजचं इंजिन खरी ताकद देतं साडेपाच-सहा हजार फेऱ्यांवर. पंखा मात्र जिथे होता तिथेच राहिला, कारण त्याला ध्वनीचा वेग आडवा येतो. सव्वासहा फुटी पंखा २७०० फेऱ्यांनी फिरवलात तर त्याचं टोक सेकंदाला पावणेतीनशे मीटरने जातं. ध्वनी साधारण ३४० ने. हाच पंखा ५५०० ने फिरवलात तर टोक जवळपास साडेपाचशेने! नुसता कानठळ्या बसवणारा आवाज, पुढे खेचणं बंद. बीटलवाले यातून छोटा पंखा लावून निसटतात, पण त्यांना ताकदही बेताचीच लागते.

म्हणून मध्ये गिअरबॉक्स येतो. खरी रड इथून सुरू होते.

गाडीत इंजिनापुढे क्लच असतो, गिअर असतात, लांब दांडे असतात, शेवटी रबरी टायर असतात. इंजिनाचे धक्के वाटेत कुठेतरी जिरतात. विमानात गिअरच्या पलीकडे थेट एक जड पंखा, आणि त्याला आपला वेग बदलायची अजिबात इच्छा नसते. प्रत्येक सिलिंडर पेटला की दांड्याला पीळ बसतो आणि सुटतो. झोपाळ्यावरच्या पोराला बरोबर वेळेवर हलकासा धक्का देत राहिलात तर झोका कसा वाढत जातो? तसंच. एखाद्या ठराविक वेगाला इंजिनाचे धक्के आणि दांड्याची स्वतःची थरथर यांचं ताल जुळतो, आणि मग शंभर तास सुरेख चाललेला गिअर एकशे एकाव्या तासाला दात टाकतो. बाहेरून काही दिसत नाही. कॉम्प्युटरवर थोडंफार कळतं, पण खात्री हवी तर दांड्यावर मापकं चिकटवून, अमुक इंजिन, अमुक गिअर आणि अमुक पंखा या नेमक्या जोडीवर शेकडो तास घालवावे लागतात. पंखा बदलला की पहिलं पाढे पंचावन्न. हँगरमध्ये एकटा बसलेला माणूस हे करत नाही. तो करतो ते म्हणजे गिअरबॉक्स विकत घेतो, आणि विकणाऱ्याने हे केलं असेल अशी आशा करतो.

दुसरा मुद्दा कामाच्या पद्धतीचा. तुमची गाडी हायवेवर शंभरच्या वेगाने जाते तेव्हा तिला वीस-पंचवीस हॉर्सपॉवर पुरतात. म्हणजे दीडशेचं इंजिन जन्मभर आरामात असतं. ओव्हरटेक करताना दहा सेकंद जोर काढला की पुन्हा विश्रांती. विमानाचं इंजिन पूर्ण ताकदीवर वर चढतं आणि मग तासन् तास पंचाहत्तर टक्क्यांवर चालतं. कामाच्या दृष्टीने त्याची भावकी स्विफ्टच्या इंजिनाशी नाही, शेतातल्या किर्लोस्करच्या पंपाशी आहे. विहिरीवर रात्रभर एका लयीत धडधडणारं, मंद फिरणारं, गरजेपेक्षा मोठं आणि दिसायला अडाणी इंजिन. लायकमिंग नेमकं तसंच आहे. आणि ते अडाणीपण तेलाच्या बाबतीत महागात पडतं असंही नाही. संथ वेगाला मिश्रण नीट पातळ करून चालवलं तर एका हॉर्सपॉवरमागे ते पेट्रोल गाडीच्या इंजिनाइतकंच खातं.

गाडीची इंजिनं हा भार सोसतच नाहीत असं मी म्हणत नाही. होंडा, सुबारू, माझदा यांचे मूळ ठोकळे बहुतेक वेळा टिकतात. बंद पडतं ते आजूबाजूचं. रेडिएटरचा पाइप, पेट्रोलचा पंप, एक सैल वायर, गिअर. म्हणजे टोयोटा-होंडाच्या कारखान्यात लाखोंनी बनून तावून सुलाखून निघालेला भाग शाबूत, आणि ‘मी स्वतः डिझाइन केलं’ म्हणून ज्याचं कौतुक होतं तो भाग गचकतो. आपल्या धंद्यातही लायब्ररीत बग क्वचितच असतो, तो आपण मध्ये लिहिलेल्या कोडमध्ये असतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास केला. त्यात इंजिनाच्या यंत्रणेतला बिघाड आणि हवेत ताबा सुटणं ही दोन कारणं सगळ्यात वर होती.

मित्र यावर म्हणतो, ‘अरे, ते हौशी लोकांचं झालं. कंपनीने नीट केलं तर?’

कंपन्यांनी केलं की! पोर्शने १९८०च्या दशकात ९११ गाडीच्या इंजिनावरून विमानाचं इंजिन काढलं. पीएफएम ३२०० त्याचं नाव. रीतसर प्रमाणपत्र मिळवलं, मूनी कंपनीने ते आपल्या विमानात बसवलं. वैमानिकाला तीन दांड्यांऐवजी एकच दांडा, आवाज कमी, सगळं छान. ऐंशीच्या आसपास इंजिनं बनली आणि पोर्शने गाशा गुंडाळला. ज्यांनी घेतली त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे ते काढून जुन्या पठडीतलं इंजिन बसवून घेतलं.

त्याहून बोलकी गोष्ट जर्मनीच्या थीलर्टची. त्यांनी मर्सिडीजच्या ए-क्लास गाडीचं १.७ लिटरचं डिझेल इंजिन घेतलं, गिअरबॉक्स लावला, दुहेरी कॉम्प्युटर लावले आणि २००२ च्या सुमारास विमानांत आणलं. ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीने त्यावर एक इंजिनाची आणि दोन इंजिनांची विमानं काढली. जेटचं इंधन चालायचं, खर्च निम्म्यावर, फ्लाइंग स्कूलवाले तुटून पडले. मग हळूहळू बारीक अक्षरातला मजकूर दिसायला लागला. गिअरबॉक्स दर ३०० तासांनी काढून तपासायचा. हजार तास झाले की इंजिन दुरुस्त नाही करायचं, बदलायचंच. वॉरंटी होती तोवर हे कंपनीच्या खिशातून जात होतं. एप्रिल २००८ मध्ये थीलर्ट दिवाळखोरीत गेली, वॉरंटी हवेत विरली, आणि ज्या स्कूलांनी ताफेच्या ताफे घेतले होते त्यांची विमानं जमिनीवर बसली.

त्याच्या वर्षभर आधीची एक घटना मला जास्त अस्वस्थ करते. ४ मार्च २००७, जर्मनीतलं स्पायर. दोन इंजिनांचं डायमंड डीए-४२. बॅटरी उतरलेली होती म्हणून बाहेरून वीज देऊन इंजिन सुरू केलं. उड्डाण झालं, चाकं आत घ्यायचं बटण दाबलं. चाकांच्या मोटरने वीज ओढली, दाब क्षणभर पडला, आणि दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रिसेट झाले. दोन्ही इंजिनं एकाच वेळी बंद! दोन इंजिनं, प्रत्येकाला दोन-दोन कॉम्प्युटर, कागदावर केवढी सुरक्षा. पण सगळ्यांचा पाय एकाच सतरंजीवर. नशिबाने जीवितहानी झाली नाही. अशा प्रकारे इंजिन सुरू करून उडू नका असं पुस्तकात लिहिलेलं होतं हे खरं. पण लायकमिंगवर दोन मॅग्नेटो असतात, ट्रॅक्टरवर असायचे तसल्या जातीचे. ते स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतात. बॅटरी मेली, अल्टरनेटर मेला, सगळे दिवे गेले तरी इंजिन चालूच राहतं. ‘ट्रॅक्टरचं तंत्रज्ञान’ म्हणून ज्याची चेष्टा होते ते हेच.

आता थीलर्टचं पुढे काय झालं? तिची मालमत्ता २०१३ मध्ये कॉन्टिनेंटलने घेतली आणि ती डिझेल इंजिनं आता धड चालतात. डायमंडनेही पोळल्यावर ऑस्ट्रो नावाची स्वतःची इंजिन कंपनी काढली, मर्सिडीजच्याच दोन लिटरच्या डिझेलवरून इंजिन केलं, ते २००९ मध्ये प्रमाणित झालं आणि आज शेकडो स्कूलांत रोज उडतंय. म्हणजे गाडीचं इंजिन विमानात चालतं. सिद्ध झालं. फक्त ते सिद्ध करायला इतके पैसे लागले की शेवटी त्याची किंमत गाडीच्या इंजिनाची उरली नाही, विमानाच्या इंजिनाची झाली. लोखंड मर्सिडीजचं, बिल विमानाचं.

तेव्हा लायकमिंगच्या पन्नास हजारांत लोखंड थोडंच आहे. बाकी पैसे आहेत साठ-सत्तर वर्षांत ते कुठे कुठे तुटलं याच्या माहितीचे, वर्षाला मोजकीच बनत असल्यामुळे पडणाऱ्या खर्चाचे, आणि वकिलांचे. वकील हा विनोद नाही. अमेरिकेत १९७८ साली छोटी-मोठी मिळून सतरा हजारांवर खासगी विमानं विकली गेली होती, १९९४ साली हजारही नाहीत. सेसनाने १९८६ मध्ये १७२ बनवणं बंदच केलं होतं, आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांचा बोजा हे त्याचं एक मोठं कारण होतं. १९९४ मध्ये काँग्रेसने अठरा वर्षांपेक्षा जुन्या विमानासाठी निर्मात्यावर दावा लावता येणार नाही असा कायदा केला, तेव्हा कुठे १९९६ ला उत्पादन परत सुरू झालं. २०२५ च्या जुलैमध्ये एफएएने हलक्या विमानांचे नियम बरेच सैल केलेत. मला त्यातून जास्त आशा आहे, कारण तो थेट सिद्ध करण्याच्या खर्चाला हात घालतो.

(आपल्याकडे हा खर्च पैशात कमी आणि वर्षांत जास्त मोजावा लागतो. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवत असतील. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात विमान सगळ्यांनी पाहिलं. नोंदणी झाली २०१७ मध्ये, आणि उडवायची परवानगी मिळाली २०१९ ला.)

बरं, हे सगळं बाजूला ठेवू आणि नुसत्या पैशाचं बोलू, कारण मित्राचा मूळ मुद्दा तोच आहे. आम्ही दोघांनी मिळून एक्सेल शीट केली. भंगारातलं सुबारू १५०० डॉलर. गिअरबॉक्स ७०००. दुहेरी कॉम्प्युटर, वायरिंग आणि जादा बॅटरी ४५००. रेडिएटर, पाइप आणि नाकाचं बदललेलं कवच ३०००. त्या गिअरला चालणारा वेगळा पंखा, जादा ६०००. मशिन शॉप आणि इंजिन खोलून नीट करणं ३०००. बेरीज २५०००. अर्धं आयुष्य शिल्लक असलेलं लायकमिंग आमच्या विमानतळावर जवळपास तेवढ्यालाच विकायला आहे, आणि ते बोल्ट आवळून बसवता येतं. सुबारूला वर दीड वर्ष जाईल ते वेगळंच. शिवाय सुरुवातीचे चाचणीचे तास प्रमाणित इंजिन-पंख्याच्या जोडीला सहसा २५, बाकीच्यांना ४०. विमा देताना कंपनी नाक मुरडणार, आणि उद्या विकायला काढलं तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारणार, ‘इंजिन कुठलं?’

पण या सगळ्यापेक्षा वेगळाच हिशोब मला महत्त्वाचा वाटतो. समजा तो वर्षाला ६० तास उडणार, हौशी माणसाच्या मानाने हे चांगलेच झाले. पेट्रोल तासाला साधारण ६० डॉलर. इंजिन दोन हजार तासांनी खोलून नवं करायला ३०००० धरा, म्हणजे तासाला १५. हँगर, विमा, वार्षिक तपासणी मिळून वर्षाला ८०००, म्हणजे तासाला १३३. एकूण २०८. आता देवाने आकाशातून इंजिन फुकट टाकलं असं समजा. १५ वजा. राहिले १९३! ज्या आकड्यासाठी माणूस दीड वर्ष गिअर आणि रेडिएटरशी झटापट करणार, तो यादीतला सगळ्यात लहान आकडा आहे. गाडीच्या इंजिनाला साधं पंपावरचं पेट्रोल चालतं, त्यात तासाला वीस-पंचवीस वाचतील, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. पण जुन्या, कमी दाबाच्या कित्येक लायकमिंगनाही ते चालतं, आणि दोन्ही बाबतीत ते पेट्रोल कॅनमधून स्वतः वाहून आणावं लागतं, कारण बहुतेक विमानतळांवर ते नसतंच.

आता तेच विमान चौघांत घ्या. विमा वाढेल, वर्षाचा खर्च ८००० ऐवजी १०००० धरू. प्रत्येकी पन्नास, एकूण २०० तास. स्थिर खर्च तासाला ५० वर आला. एकूण १२५. एकही पाना न फिरवता तासाला ८३ डॉलर वाचले. शिवाय विमान हँगरमध्ये पडून गंजत नाही, आणि इंजिनासाठी रोज थोडं चालणं हेच सगळ्यात मोठं औषध आहे. हा उपाय कोणाला आवडत नाही, कारण त्यात वेल्डिंग नाही, चार माणसांशी जमवून घेणं आहे. शनिवारी सकाळी विमान कोणाचं, टाकी रिकामी कोणी ठेवली, धुतलं का नाही. सोसायटीच्या पार्किंगची भांडणं आठवा.

ज्यांना इंजिनात हात घालण्यातच आनंद आहे त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट आदर आहे. शिशाच्या पेट्रोलवर अजून चालणाऱ्या या दुनियेत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इंजेक्शनची सवय लावली ती अशाच लोकांनी. आणि रोटॅक्स ९१२ समोर आहेच: १.३५ लिटर, १०० हॉर्सपॉवर, ५८०० फेऱ्या, गिअरबॉक्स, साधं पेट्रोल. ९१२ची मालिका १९८९ पासून चालतेय. म्हणजे वेगवान इंजिन आणि गिअर जमतं. फक्त रोटॅक्सने गिअर इंजिनासकट घडवला, गाडीला मागून चिकटवला नाही.

काल मित्राला एवढंच विचारलं, ‘तुला इंजिन बनवायचंय की उडायचंय?’ म्हणाला, ‘दोन्ही.’ मग मी सांगितलं की सुबारू बसवलंस तर पहिले चाळीस तास तू एकटा उड, तसा नियमच आहे. पण त्यानंतरही अजून साठ तास, शंभर पूर्ण होईपर्यंत, वहिनींना नेऊ नकोस. यावर तो बराच वेळ गप्प होता. विकायला असलेल्या लायकमिंगची लॉगबुकं बघायला आम्ही येत्या रविवारी जातोय. आमच्याकडे दोन भागीदार आहेत, अजून दोन हवेत. कोणी जवळपास राहत असेल आणि टाकी भरून ठेवायची सवय असेल तर कळवा.